न उघडता दिसणारे : पडद्यावरील झलकेचा इतिहास

कागदावरच्या खासगी लेखनाला घडी घातली की ते मुके होते. संगणकावरची फाइल मात्र मिटलेली असतानाही थोडीफार बोलत राहते. टॅब्लेटवर छायाचित्रांचे फोल्डर उघडले की प्रत्येक छायाचित्राची छोटी प्रतिकृती रांगेत उभी दिसते, एखादा दस्तऐवज असेल तर त्याचे पहिले पान नखाएवढ्या आकारात समोर येते, नुकत्याच वापरलेल्या ॲप्सची यादी काढली तर प्रत्येक ॲप सोडताना त्याच्या पडद्यावर जे काही होते त्याचे चित्र दिसते, आणि यंत्र कुलूपबंद असले तरी नव्याने आलेल्या संदेशाच्या पहिल्या एकदोन ओळी वर झळकून जातात. या सर्व प्रकारांना मिळून प्रिव्ह्यू म्हणतात आणि मराठीत त्यासाठी झलक हा शब्द पुरेसा आहे. त्यांतील चित्ररूप झलकेला थंबनेल, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे चित्र, असे नाव पडले आहे. टॅब्लेट बहुधा एकाच्या मालकीचा आणि घरातल्या सगळ्यांच्या हातातला असतो, मुलाचा अभ्यास, वडिलांचे वर्तमानपत्र आणि कोणाची तरी बँकेची कागदपत्रे एकाच काचेवर येऊन जातात, त्यामुळे नको त्या झलकेचा प्रश्न खिशातल्या फोनपेक्षा त्याच्यावर अधिक बोचतो. ही झलक कोठून आली आणि तिच्यावर आडपडदा टाकण्याचे उपाय कोणत्या क्रमाने निघाले, याचा इतिहास जेमतेम चार दशकांचा आहे. परंतु त्यातील खरी गोम कागदी पत्रव्यवहाराच्या जुन्या रीती पाहिल्याखेरीज ध्यानात येत नाही.

मराठी राज्यव्यवहारात पत्र बंद करण्याची रीत पत्र लिहिण्याच्या रीतीइतकीच नियमबद्ध होती. मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब, म्हणजे शेवटाची छोटी मुद्रा, उठवले जाई. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस मर्यादेयं विराजते ही अक्षरे आढळतात, पेशवाईतील पत्रांवर लेखनसीमा हा शब्द आढळतो, आणि दोहोंचा हेतू एकच, की त्या खुणेच्या पुढे कोणी ओळ वाढवू नये. घडी घातलेला कागद लाखेने बंद केला की त्याचा लखोटा होई, आणि थोरामोठ्यांकडे जाणारे पत्र खलित्यात, म्हणजे कापडी थैलीत, घालून जासुदाच्या स्वाधीन केले जाई. युरोपात पाकिटाचा प्रसार होण्यापूर्वी पत्राचा कागदच चिरून, दुमडून आणि स्वतःच्याच फटीतून ओवून कुलूपबंद करण्याच्या अनेक पद्धती होत्या. हेग येथे न पोहोचलेल्या पत्रांची जी पेटी जतन झाली आहे, तिच्यातील १६९७ सालचे एक पत्र २०२१ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने, घडी न मोडता, वाचण्यात आले. न उघडता वाचणे ही गोष्ट किती अवघड होती, त्यासाठी सव्वातीनशे वर्षे आणि दंतवैद्यकाच्या संशोधनासाठी बनलेले यंत्र लागावे, याची त्यावरून कल्पना येते. टॅब्लेट तीच गोष्ट दर सेकंदाला, कोणी सांगितले नसतानाही, करीत असतो.

याचा अर्थ कागदी पत्राला झलक नव्हती असा नव्हे. ती होती, आणि महाराष्ट्रात तर तिची स्वतंत्र लिपीच बनली होती. हिंदुस्थानात १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे, म्हणजे त्या वेळच्या एका पैशाचे, पोस्टकार्ड सुरू झाले आणि पत्र उघडे जाऊ लागले. टपालवाला, शेजारी, दारात उभा असलेला कोणीही ते वाचू शके, म्हणून कार्डावर काय लिहावे आणि काय लिहू नये याचे संकेत घरोघरी आपोआप ठरत गेले. मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून ते टाकण्याची रीत याच उघडेपणातून रुळली: कोपरा फाटका दिसला की एकही अक्षर न वाचता घरात रडे सुरू होई आणि कार्ड वाचून होताच ते घराबाहेर टाकले जाई. याच्या उलट लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचे बोट लावलेले असे, आणि पाहणाऱ्याला आतला मजकूर शुभ आहे हे पाकीट हाती घेतानाच समजे. २ ऑक्टोबर १९५० रोजी आलेल्या आंतर्देशीय पत्राने कार्डाचा स्वस्तपणा आणि लखोट्याचा बंदिस्तपणा एकाच निळ्या घडीत आणला आणि घरगुती सुखदुःखाचा बराच मजकूर कार्डावरून तिकडे वळला. या सर्व रीतींत एक गोष्ट समान आहे. पत्राच्या बाहेर काय दिसावे हे पत्र पाठवणारा ठरवीत असे. फाटका कोपरा, कुंकवाचे बोट, लाखेवरचा शिक्का ही सगळी त्याने जाणून दाखवलेली झलक होती. पडद्यावरच्या झलकेने हा अधिकार लिहिणाऱ्याकडून काढून यंत्राकडे दिला, आणि त्यानंतरचे सगळे उपाय म्हणजे तो अधिकार थोडाथोडा परत मिळवण्याची धडपड आहे.

आश्चर्याची गोष्ट अशी की चित्रमय पडद्याचा आरंभ झाला तेव्हा लखोट्याची मर्यादा काटेकोरपणे पाळली गेली होती. झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या स्टार या संगणकाच्या पडद्यावर कार्यालयाचे टेबल उभे केले होते, त्यावर कागद, फोल्डर आणि टपालाच्या पेट्या यांची चिन्हे मांडलेली असत. परंतु कागदाचे चिन्ह कोपरा दुमडलेल्या कोऱ्या कागदाचेच असे, मग त्या फाइलीत प्रेमपत्र असो वा मालाची यादी. १९८४ च्या मॅकिंटॉशनेही हीच पद्धत चालवली. यामागे शिष्टाचार होता असे मानण्याचे कारण नाही. मॅकिंटॉशमध्ये सगळी मिळून १२८ किलोबाइट स्मृती होती, पडदा ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा आणि तोही काळापांढरा, एका चिन्हाला ३२ गुणिले ३२ ठिपके, म्हणजे अवघे १२८ बाइट, मिळत. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत प्रत्येक फाइल आतून वाचून तिचे चित्र काढणे परवडण्यासारखे नव्हते. गोपनीयता दारिद्र्यामुळे टिकली होती, आणि यंत्राला सुबत्ता येताच ती गेली.

त्याच सुमारास, किंबहुना त्याच्याही आधी, लपवण्याची एक वेगळी रीत अपघाताने जन्माला आली होती, आणि तिचे वंशज आजच्या टॅब्लेटमध्ये सापडतात. युनिक्स या संगणकप्रणालीत प्रत्येक फोल्डरमध्ये एक टिंब आणि दोन टिंबे अशा दोन नावांच्या नोंदी असत, पहिली त्या फोल्डरचीच आणि दुसरी त्याच्या वरच्या फोल्डरची. यादी दाखवताना या दोन नोंदी गाळाव्यात म्हणून आज्ञावलीत सोपी युक्ती केली गेली, की ज्या नावाचे पहिले अक्षर टिंब असेल ते नाव दाखवू नये. युनिक्सच्या घडणीशी जवळून संबंध असलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये ही हकीकत सांगताना या आळशी युक्तीला स्पष्टपणे चूक म्हटले, कारण तिच्यामुळे टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल आपोआप लपू लागली आणि लोकांनी त्या चुकीचीच सोय करून घेतली. येथे लपणे आणि कुलूपबंद होणे यांतील फरक नीट लक्षात घेतला पाहिजे: टिंबाची फाइल यादीत दिसत नाही, पण तिचे नाव ठाऊक असणाऱ्याला किंवा सगळे दाखव असे यंत्राला सांगणाऱ्याला ती लगेच उघडता येते. चुलीमागे ठेवलेला डबा आणि तिजोरीत ठेवलेला डबा यांतला हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

झलक प्रत्यक्षात आली ती छायाचित्रांच्या वाटेने. छायाचित्रकारांना नखाएवढ्या चित्रांची सवय जुनीच होती. काळोख्या खोलीत फिल्मच्या पट्ट्या छपाईच्या कागदावर सरळ ठेवून जी काँटॅक्ट प्रिंट काढत, तिच्यात संपूर्ण रोलातील ३६ चित्रे फिल्मच्याच आकारात एका कागदावर मिळत आणि कोणते चित्र मोठे करायचे ते भिंग लावून ठरवता येई. कोडॅकने १९९२ मध्ये बाजारात आणलेल्या फोटो सीडीने हीच रीत तबकडीवर आणली. एकाच छायाचित्राच्या अनेक आकारांच्या प्रती तीत एकत्र ठेवल्या जात आणि त्यांतील सर्वांत लहान प्रत १९२ गुणिले १२८ ठिपक्यांची असे. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ मध्ये एक्झिफ हा संकेत ठरवला आणि १९९८ मध्ये कॅमेऱ्याच्या कार्डावर फाइली कशा मांडाव्यात याचा नियम केला, तेव्हा प्रत्येक छायाचित्राच्या फाइलीच्या पोटातच १६० गुणिले १२० ठिपक्यांचे एक छोटे चित्र ठेवण्याची प्रथा पक्की झाली. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्या पडद्यावर चित्रे भराभर सरकावीत म्हणून ही योजना होती. आजही फोनमध्ये आणि टॅब्लेटमध्ये छायाचित्रांच्या फोल्डरला डीसीआयएम हे रुक्ष नाव असते ते याच १९९८ च्या नियमामुळे. वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या चार अक्षरांचा अर्थ ठाऊक असेल.

या पोटातल्या चित्राने पहिला मोठा धडा दिला. छायाचित्र कापून लहान केले किंवा त्यातील भाग पुसला, तरी ते करणाऱ्या आज्ञावलीने आतले छोटे चित्र नव्याने बनवले नाही तर जुने, न कापलेले चित्र तसेच राहते. २००३ मध्ये अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एका निवेदिकेने चेहऱ्यापुरती कापलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि मूळ, बरेच अधिक दाखवणारे चित्र त्याच फाइलीतून लोकांच्या हाती पडले. येथे कोणी कुलूप फोडले नव्हते, चोरीही केली नव्हती. झलक ही मूळ वस्तूची स्वतंत्र नक्कल असते आणि मूळ बदलले म्हणून नक्कल बदलतेच असे नाही, हे त्या प्रसंगाने उघड केले. मोडी दफ्तरात मूळ पत्र फाडले तरी नकलांच्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, त्याची प्रत सापडावी, तसाच हा प्रकार.

संगणकांनी मग नकलांचे रुमालच बांधायला घेतले. विंडोज प्रणालीत फोल्डरमधील चित्रे लहान आकारात दाखवण्याची सोय १९९८ च्या आवृत्तीपासून येऊ लागली आणि २००१ च्या एक्सपी आवृत्तीने ती घरोघरी पोहोचवली. दर वेळी मोठे चित्र वाचून लहान करायला वेळ लागे, म्हणून एकदा बनवलेली छोटी चित्रे थंब्स डॉट डीबी नावाच्या लपलेल्या फाइलीत त्याच फोल्डरमध्ये साठवली जात. पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेल्या अशा साठ्याला कॅश म्हणतात; रोख रकमेशी त्याचा काही संबंध नाही, हा शब्द लपवणे या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून आला आहे आणि त्याने नेमके उलटे काम करावे हा भाषेचा विनोद म्हणावा लागेल. कारण मूळ छायाचित्र पुसून टाकले तरी थंब्स डॉट डीबीमधील त्याचे छोटे रूप बहुधा शिल्लक राही, फोल्डर दुसऱ्याला दिले की ती फाइलही नकळत बरोबर जाई, आणि गुन्ह्यांच्या तपासात संगणक तपासणाऱ्या न्यायवैद्यक तज्ज्ञांना ती म्हणजे आयती खाण मिळाली. विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीने ही विखुरलेली साठवण मोडून प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात एका जागी आणली. त्यामुळे छोटी चित्रे फोल्डरबरोबर प्रवास करीनाशी झाली, पण काढता घालता येणाऱ्या पेनड्राइव्हवरील चित्रांच्या नकला मात्र घरच्या यंत्रात मुक्काम करू लागल्या.

लिनक्सच्या गोटात याच प्रश्नाचा विचार अधिक काळजीने झालेला दिसतो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथे छोट्या चित्रांच्या साठवणीचा जो सामाईक संकेत लिहिला गेला, त्यात चित्रांचे आकार १२८ आणि २५६ ठिपके असे ठरवून दिले आहेतच, शिवाय साठवणीचे फोल्डर आणि त्यातील प्रत्येक चित्र मालकाखेरीज कोणाला वाचता येऊ नये अशी परवानगी लावावी, हेही स्पष्ट सांगितले आहे. तरीसुद्धा प्रत्येक छोट्या चित्राच्या आत मूळ फाइलीचा पूर्ण पत्ता लिहिण्याची अट त्याच संकेतात आहे. म्हणजे साठवण कोणाच्या हाती लागली तर काय होते एवढेच नव्हे, ते कोठे ठेवले होते हेही कळते. सोय आणि सावधगिरी एकाच कागदावर शेजारीशेजारी बसलेल्या असतात त्याचा हा नमुना आहे.

या कथेतील सर्वांत बोलके प्रकरण ॲपलच्या मॅक संगणकांवर घडले. ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या लेपर्ड आवृत्तीत क्विक लुक ही सोय होती. फाइल निवडून स्पेसबार दाबला की ती न उघडता मोठ्या आकारात दिसे, आणि ती खरोखरच सुखद सोय होती. तिच्यासाठी यंत्र ज्या छोट्या प्रतिमा बनवी त्यांचा साठा एका वेगळ्या, नजरेआडच्या फोल्डरमध्ये होई. जून २०१८ मध्ये वोय्चेख रेगुवा आणि पॅट्रिक वॉर्डल या सुरक्षातज्ज्ञांनी दाखवून दिले, की वापरकर्त्याने आपली छायाचित्रे कूटबद्ध, म्हणजे परवलीच्या शब्दावाचून वाचता न येणाऱ्या, कप्प्यात ठेवली असली तरी तो कप्पा एकदा उघडून त्यातील फोल्डर पाहिले की छोट्या प्रतिमा कप्प्याबाहेरच्या साठ्यात जमा होतात, आणि कप्पा पुन्हा बंद केला तरी तेथेच राहतात. न्यायवैद्यक मंडळींना हे बरीच वर्षे माहीत होते. तिजोरी अभेद्य, पण तिजोरीतल्या प्रत्येक दागिन्याचे चित्र बाहेर फळीवर मांडलेले, अशी ती अवस्था होती. कुलूप बळकट करून हा दोष दूर होण्यासारखा नव्हता, कारण दोष कुलपात नव्हताच. यंत्र मालकाला न विचारता नक्कल करते, यात तो होता. एका छोट्या चित्रात दस्तऐवजाची अक्षरे वाचता येत नाहीत म्हणून त्याला क्षुल्लक मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की वैद्यकीय अहवालाचा आराखडा, न्यायालयीन कागदाची मुद्रा किंवा माणसाचा चेहरा ओळखायला शंभरसव्वाशे ठिपक्यांची रुंदी पुरते.

टॅब्लेटच्या बाबतीत प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले, कारण तेथे फाइलीबरोबर पडद्याचीही झलक साठवली जाऊ लागली. आयफोनवर होम बटण दाबले की चालू ॲप आकुंचन पावत नाहीसे होई; ही डौलदार हालचाल दाखवण्यासाठी यंत्र त्या क्षणीच्या पडद्याचे चित्र टिपून ठेवी, आणि २००८ मध्ये आयफोनच्या न्यायवैद्यक तपासणीतील एका जाणकाराने ही चित्रे यंत्रातून परत मिळू शकतात हे जाहीर केले तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. आयपॅड एप्रिल २०१० मध्ये विक्रीस आला तो याच घडणीचा वारसा घेऊन. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने अँड्रॉइडची हनीकोम्ब ही आवृत्ती खास टॅब्लेटसाठी काढली आणि तीत अलीकडे वापरलेल्या ॲप्सची यादी प्रथमच चिन्हांऐवजी पडद्यांच्या छोट्या चित्रांनी दाखवली. मोठ्या काचेवर जागा मुबलक होती आणि ती रिकामी ठेवणे रचनाकारांना जड गेले असावे. ॲपलने सप्टेंबर २०१३ मध्ये आपल्या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत अशीच चित्रांची पाने आणली. त्या दिवसापासून टॅब्लेट हाती घेणाऱ्या कोणालाही, एकही ॲप न उघडता, आधीच्या माणसाने काय सोडून दिले होते ते एका झटक्यात चाळता येऊ लागले.

विशेष म्हणजे अँड्रॉइडमध्ये यावरचा इलाज रोगाच्या आधीच तयार होता. २००८ मधील अगदी पहिल्या आवृत्तीपासून आज्ञावली लिहिणाऱ्याला आपल्या खिडकीवर फ्लॅग सिक्युअर नावाची खूण लावता येत असे. ही खूण असली की त्या खिडकीचे चित्र स्क्रीनशॉटमध्ये येत नाही आणि असुरक्षित बाह्य पडद्यावर ती दिसत नाही. हनीकोम्बने पडद्यांची यादी आणल्यावर हीच खूण तेथेही उपयोगी पडली, आणि बँकांची ॲप्स त्या यादीत कोऱ्या किंवा काळ्या चौकोनासारखी दिसतात ती बहुतेक तिच्यामुळे. ॲपलने निराळा मार्ग घेतला. ॲप मागे सरकवले जात असता चित्र टिपण्यापूर्वी यंत्र त्याला सूचना देते, आणि त्या काही क्षणांत ॲपने आपल्या मजकुरावर स्वतःचा एखादा कोरा पडदा ओढून घ्यावा, असा सल्ला आज्ञावलीकारांना दिला गेला. दोन्ही उपायांत एक न्यून आहे: पडदा ओढायचा की नाही हे ॲप बनवणारा ठरवतो, टॅब्लेटचा मालक नव्हे. टिपणवही बनवणाऱ्याला मालकाच्या टिपणांची लाज वाटली नाही तर मालकाने काय करावे, याचे उत्तर कित्येक वर्षे कोणाकडे नव्हते.

फाइलींच्या बाजूने अँड्रॉइडची स्थिती आरंभी फारच मोकळी होती. छायाचित्रे आणि दस्तऐवज ज्या सामाईक साठ्यात असत तो वाचण्यासाठी कोणत्याही ॲपला परवानगी लागत नसे. परवानगीची अट २०१२ मध्ये लिहिली गेली आणि प्रत्यक्ष लागू व्हायला २०१३ उजाडले. गॅलरीसाठी एक आज्ञावली सगळा साठा सतत धुंडाळत राही आणि जे चित्र सापडेल त्याचे छोटे रूप करून मांडी, त्यामुळे ओळखपत्राची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि सहलीचे छायाचित्र एकाच ओळीत येऊन बसत. यावर जो उपाय सर्वत्र पसरला तो युनिक्सच्या त्या जुन्या चुकीचा थेट वारस आहे: फोल्डरमध्ये डॉट नोमीडिया नावाची एक रिकामी फाइल ठेवली की धुंडाळणारी आज्ञावली त्या फोल्डरला आणि त्याच्या पोटातील फोल्डरांना वगळते. या फाइलीत एक अक्षरही नसते, तिचे असणे हाच संदेश. दारावर काढलेल्या खुणेवरून भिक्षेकऱ्याने घर टाळावे तशी ही व्यवस्था आहे, आणि तिचे बळही तेवढेच. फाइली चाळण्याचे कोणतेही साधन वापरले की फोल्डर पूर्ववत दिसते, शिवाय खूण ठेवण्यापूर्वी बनलेली छोटी चित्रे वेगळ्या साठ्यात राहून गेलेली असू शकतात. तरी घरातल्या घरात, पाहुण्यांपुढे फोटो दाखवताना नको ते चित्र मध्येच सरकून येऊ नये एवढ्यासाठी, तिने मोठे काम केले हे मान्य करावे लागेल. सामाईक साठ्यालाच भिंती घालून प्रत्येक ॲपला आपापल्या कप्प्यापुरते पाहू देण्याची पद्धत २०१९ आणि २०२० च्या आवृत्त्यांनी टप्प्याटप्प्याने आणली.

एका यंत्राचे अनेक हात हा टॅब्लेटचा स्वभाव गूगलने लवकर ओळखला होता. नोव्हेंबर २०१२ मधील आवृत्तीने टॅब्लेटवर वेगवेगळ्या माणसांसाठी वेगवेगळी खाती दिली, आणि ही सोय त्या वेळी फोनला दिलेली नव्हती. ज्याचे खाते त्याच्याच फाइली, त्याचीच झलक, हा संगणकावरचा जुना न्याय तेथे लागू झाला. ॲपलने २०१६ मध्ये शाळांतील सामाईक आयपॅडसाठी अशी व्यवस्था केली, घरांना मात्र ती दिली नाही. कुलूपबंद पडद्यावरील संदेशांच्या झलकेचा निवाडा त्यामानाने सोपा होता: अँड्रॉइडने २०१४ मध्ये संदेश पूर्ण दाखवावा, आल्याचे फक्त कळवावे, की काहीच दाखवू नये अशा तीन पायऱ्या ठरवल्या, आणि ॲपलने २०१७ मध्ये चेहरा ओळखणारे यंत्र काढले तेव्हा मालकाचा चेहरा समोर येईपर्यंत मजकूर झाकून ठेवण्याची पद्धत आपणहून चालू ठेवली. या शेवटच्या तजविजीत कुंकवाच्या बोटाचा काहीसा अंश आहे, कारण पत्र आले आहे आणि कोणाकडून आले आहे एवढेच बाहेर दिसते.

आयपॅडवरील छायाचित्रांची कथा त्यापेक्षा लांबली. २०१४ मध्ये आलेला हिडन नावाचा कप्पा लपवण्यासाठी होता, पण तो यादीत सर्वांना दिसे आणि बोट लावताच उघडे, म्हणजे काय लपवले आहे ते नेमके कोठे पाहावे याची पाटीच लावल्यासारखे झाले. २०२० मध्ये तो कप्पा यादीतून काढून टाकण्याची सोय झाली आणि २०२२ मध्ये त्याला प्रथमच खरे कुलूप आले. टिंबाची फाइल ते कूटबद्ध कप्पा हा जो प्रवास युनिक्सकडून सुरू झाला होता तो एका सर्वसाधारण वापराच्या कप्प्यापर्यंत पोहोचायला एवढी वर्षे लागावीत, याचे समर्थन तांत्रिक अडचणींनी होत नाही. लपवणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याची समाजाची सवय रचनाकारांनाही असते, हे त्याचे अधिक पटणारे कारण दिसते. २०२४ मध्ये ॲपलने बहुतेक ॲप्सना कुलूप लावण्याची आणि ती लपवण्याची मुभा मालकाला दिली, गूगलने त्याच वर्षी प्रायव्हेट स्पेस नावाची स्वतंत्र कुलूपबंद जागा दिली, आणि अशा कुलपाआडच्या ॲपची झलक यादीत व सूचनांत येऊ नये हेही त्यातच आले. पडदा ओढण्याचा निर्णय त्यामुळे बऱ्याच अंशी ॲप बनवणाऱ्याकडून मालकाकडे आला.

त्याच २०२४ मध्ये, मे महिन्यात, मायक्रोसॉफ्टने रिकॉल नावाची सोय जाहीर केली, आणि ती ज्या यंत्रांसाठी होती त्यांत कळफलक काढून टॅब्लेटसारखी वापरता येणारी यंत्रेही होती. दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपायचे, त्यातील अक्षरे वाचून ठेवायची आणि मालकाने पुढे केव्हाही विचारले की हवा तो क्षण शोधून द्यायचा, अशी ही योजना. झलक आजवर फाइलीची होती, मग ॲप सोडतानाच्या एका क्षणाची झाली, आता ती अखंड होणार होती. सुरुवातीच्या रूपात हा साठा पुरेसा संरक्षित नसल्याचे तज्ज्ञांनी दाखवून दिल्यावर कंपनीने योजना लांबणीवर टाकली, साठा कूटबद्ध केला आणि मालकाने स्वतः चालू केल्याखेरीज ती चालू होणार नाही असे ठरवले. ॲप्सना मात्र त्या टिपणीतून वेगळे राहण्यासाठी स्वतंत्र खूण मिळाली नव्हती. म्हणून सिग्नल या संदेशांच्या ॲपने मे २०२५ मध्ये विंडोजवर एक आडवाट धरली: चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून पडद्यावरील चित्र टिपण्यास मज्जाव करणारी जी खूण विंडोजमध्ये आधीपासून होती, तीच त्याने घरगुती गप्पांच्या खिडकीवर लावली. चित्रपट कंपन्यांच्या मालासाठी घडवलेल्या त्या खुणेमुळे सिग्नलची खिडकी रिकॉलला कोरी दिसू लागली. मालकाला स्वतःच्या संभाषणाचा स्क्रीनशॉट घेता येईना, आणि दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांपैकी काहींना अडथळा येण्याचा संभव निर्माण झाला, म्हणून ती खूण काढण्याचे बटण ॲपच्या मांडणीत ठेवले गेले आणि ते दाबणाऱ्याला यंत्र आधी एकदा खात्री विचारू लागले.